ट्रॅक्टरची चावी फिरवली की नुसतं 'टक्'. स्विच बदलू, सेल्फ खोलू की अर्थिंग बघू?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)
राम राम मंडळी. ४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे. दसऱ्यापासून सेल्फ घेईना. चावी फिरवली की खाली एकदाच 'टक्' वाजतं, डॅशबोर्डचा लाईट बारीक होतो आणि बस. पाच-सहा वेळा फिरवली तर एखाद्या वेळेस लागतो. बॅटरी उन्हाळ्यातच नवी घेतली, दुकानात नेऊन तपासली, चांगली आहे म्हणाले. मिस्त्रीनं चावीचा स्विच बदलला, तरी तेच. आता सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, खोलायचा म्हणतोय. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलीय अन् मी रोज ट्रॅक्टर उताराला लावायलोय. वायरिंगमधलं फार कळत नाही, पण घरी मल्टिमीटर आहे आणि शिकायची तयारी आहे. कुठून सुरू करू?

बालाघाट (केज)
दादा, मी सरळ बॅटरीवरून वायर ओढून पुश बटण बसवलं. चावीची कटकटच मिटली.

वायरवाला (उदगीर)
दुधनाकाठ, सेल्फ इतक्यात खोलू देऊ नका.

'टक्' वाजतंय म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेवर चालणारा खटका) ओढतोय, म्हणजे चावीतून सप्लाय खाली पोचतोय. स्विचच्या मागं बघा, बऱ्याच स्विचवर ३०, १५, ५० असे आकडे असतात. ३० ला बॅटरीचा कायमचा प्लस. १५ ला चावी 'ऑन' केल्यावर सप्लाय येतो. ५० ला फक्त स्टार्टला दाबून धराल तेवढाच वेळ. त्या ५० ची वायर सोलेनॉइडला जाते, सोलेनॉइड आतला जाड कॉन्टॅक्ट जोडतो आणि मग बॅटरीच्या जाड केबलमधून दोन-तीनशे अँपिअर सेल्फला मिळतात. सेल्फचा हा करंट चावीतून जातच नाही.

पण गेलेला करंट माघारीही यायला पाहिजे. सेल्फच्या बॉडीतून इंजिनला, इंजिनमधून गिअरबॉक्सला, तिथून अर्थच्या पट्टीनं बॅटरीच्या मायनसला. प्लसची वायर सगळे दहादा हलवून बघतात, मायनसला कोणी हात लावत नाही. माझा संशय तिथंच आहे.

अर्थ तपासताना मीटर बीपवर ठेवू नका. पट्टीच्या सगळ्या तारा तुटून एक जरी राहिली तरी बीप वाजतो. ०.०१ ओहम तुमच्या मीटरला दिसणारच नाही, पण २०० अँपिअरला तेवढ्यातच २ व्होल्ट जातात. म्हणून सेल्फ मारत असतानाच मोजायचं.

गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला, इंजिन बंद करायचा नॉब ओढून ठेवलेला. मीटर डीसी २० वर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवरच धरा, वर बसवलेल्या टर्मिनलवर नको. लाल पिन सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून. आता दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. ०.२ च्या आसपास आलं तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर अर्थ खराब. मग प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंत तसंच. तिसरं, सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर किती राहतात. तिन्ही आकडे इथं टाका.

बालाघाट भाऊ, तुमच्या बटणानं क्लचजवळचा सेफ्टी स्विच बाजूला पडला असेल, तर गिअरमध्ये असतानाही ट्रॅक्टर चालू होईल. तो स्विच मधे घ्या आणि बॅटरीवरून ओढलेल्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज टाका.

मांजरातीर
कळकळीनं सांगतो, मागच्या चाकापुढं उभं राहून पान्यानं सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडायचे नाहीत. कितीही घाई असो. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर अंगावरून जातो. पोरांनाही ही सवय लागू देऊ नका.

पाथरीचा गडी
एक शंका. माझ्या जुन्या मोटरसायकलला चावीची एक वायर सोलून चेसिसला टेकली की गाडी बंद पडायची. इथं तसंच नसेल ना?

वायरवाला (उदगीर)
नाही. जुन्या एसी सीडीआयच्या (स्पार्क पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) गाड्यांना चावीचं काम उलटं असतं. 'ऑफ' केल्यावर स्विच आतून ती वायर अर्थला जोडतो आणि स्पार्क मरतो. 'ऑन' केली की ती सुटते. म्हणून तुमची वायर टेकली की गाडी बंद. डिझेल ट्रॅक्टरला स्पार्कच नाही.

दुधनाकाठ
पुतण्याला चावीवर बसवून मोजलं. बॅटरीवर १२.०. प्लसच्या बाजूला ०.३. मायनसच्या बाजूला ४.१! दोनदा बघितलं, तेच.

आणि आता ध्यानात आलं. खंडेनवमीच्या पूजेसाठी ट्रॅक्टरला रंग मारला होता, तेव्हा रंगवाल्यानं अर्थची पट्टी काढून परत बसवली. आत्ता गिअरबॉक्सवरचा बोल्ट सोडला तर लगच्या (पट्टीच्या टोकाच्या भोकाच्या पत्रीच्या) खाली करकरीत निळा रंग. लोखंड फक्त बोल्टाच्या आट्यांपुरतं लागलेलं.

वायरवाला (उदगीर)
सापडलं. १२ मधले ४ तिथंच जायलेत, सेल्फ फिरणार कसा? आधी बॅटरीचा मायनस काढा. प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, म्हणून काढताना मायनस पहिला, जोडताना मायनस शेवटी. लगच्या आकाराएवढी जागा पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासा, लगची खालची बाजूही घासा. दातेरी वायसर टाकून आवळा, आणि आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावा. खताच्या गोण्या वाहता ना? ती भुकटी ओल धरते आणि तांबं हिरवं करते. पट्टी हिरवी पडली असेल तर नवीन घ्या, प्लसच्या केबलएवढीच जाड, प्रेस केलेल्या लगची. जमल्यास मायनसची दुसरी वायर थेट सेल्फच्या फिटिंगच्या बोल्टाला न्या. मधले सांधे वाचतात.

दुधनाकाठ
पट्टी चांगली निघाली, नुसती घासून बसवली. आता मायनसच्या बाजूला ०.१५. पहिल्याच फेरीत लागला, तोही थंड असताना. काढलेला जुना स्विच बारदान्यात होता, तो परत लावून बघितला, त्यावरही लागला. दुसरी वायर रविवारी ओढतो. किती लांबीची घेऊ?

वायरवाला (उदगीर)
सुतळीनं बॅटरीपासून सेल्फपर्यंत माप घ्या, इंजिन हलतं म्हणून वीतभर जास्त धरा. सायलेन्सरपासून लांबून न्या.