संपूर्ण संच की निवडक? स्टॅक्स, मोटाउन आणि जुन्या सोलचे बॉक्स सेट
(मंचावरची चर्चा; प्रत्येक संदेशाआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बीसाइड
साठच्या दशकातलं अमेरिकन सोल, म्हणजे कृष्णवर्णीय गायकांचं ते लोकप्रिय संगीत, जमवायचं असेल तर पैसे ‘कम्प्लीट सिंगल्स’ प्रकारच्या संचांत घालावेत, ‘बेस्ट ऑफ’मध्ये नाही, असं माझं ठाम मत आहे. हे संगीत मुळात अल्बमसाठी घडलंच नाही. मेम्फिसच्या मॅक्लेमोर अव्हेन्यूवरच्या जुन्या थिएटरात स्टॅक्स या कंपनीने जे ध्वनिमुद्रित केलं ते ४५ आरपीएमच्या सात इंची सिंगलसाठी (दोन बाजूंना एकेक गाण्याची तबकडी), म्हणजे रेडिओ आणि ज्यूकबॉक्ससाठी. चाललेल्या दोन-तीन सिंगल्सना भर घालून बरेचसे अल्बम नंतर बांधले जात.

अटलांटिकने १९९१ साली काढलेला ‘द कम्प्लीट स्टॅक्स/व्होल्ट सिंगल्स १९५९–१९६८’ घ्या. ९ सीडी, २४४ गाणी, प्रकाशनाच्या क्रमाने. सुरुवातीला ही कंपनी चाचपडतेय हे स्पष्ट ऐकू येतं, कारण गाणी इतरांच्या वळणाची आहेत. मग बुकर टी. जोन्सचा ऑर्गन, स्टीव्ह क्रॉपरची गिटार आणि अल जॅक्सनचे ड्रम एकमेकांना जागा देऊ लागतात आणि तिथून पुढे दोन सेकंदांत ‘हे स्टॅक्स’ असं ओळखता येतं. निवडक संचात हा प्रवास गळतो.

शिवाय बी साइड, म्हणजे सिंगलची दुय्यम, मागची बाजू. ‘ग्रीन अनियन्स’ १९६२ साली आधी व्होल्ट या स्टॅक्सच्याच उपलेबलवर ‘बिहेव युअरसेल्फ’ची मागची बाजू म्हणून आलं, मग बाजू उलटवून स्टॅक्सवर पुन्हा निघालं. त्याच वर्षी ओटिस रेडिंगचं ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ही ‘हे हे बेबी’च्या मागे होतं. काय टिकेल हे खुद्द कंपनीलाही कळलं नव्हतं. मग आपल्या वतीने ते दुसऱ्या कुणी का ठरवावं?

निवडक
असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावर. १९९१चा तो संच ‘कम्प्लीट’ नाही. त्यात ए साइड जवळपास सगळ्या आहेत, बी साइड मात्र निवडलेल्या. उरलेल्या बी साइडमधला मोठा भाग आणि उपलेबलांवरची सिंगल्स यांसाठी २०१८ साली ‘स्टॅक्स सिंगल्स, व्हॉल्यूम ४’ हा ६ सीडींचा वेगळा संच काढावा लागला. म्हणजे २७ वर्षं लोक निवडकच ऐकत होते, फक्त वेष्टनावर ‘कम्प्लीट’ छापलेलं होतं. संपादकाचा हात दोन्हीकडे असतो. निवडक संचात तो उघड असतो आणि मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

चांगला संपादक नुसती गाळणी लावत नाही. जेम्स ब्राउनचा ‘स्टार टाइम’ (१९९१, ४ सीडी, ७१ गाणी) पाहा. ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ सिंगल म्हणून निघालं तेव्हा ते कापून दोन भागांत वाटलं होतं आणि वेग वाढवलेला होता. ‘स्टार टाइम’मध्ये तेच गाणं मूळ वेगात, सलग, जवळपास सात मिनिटांचं ऐकायला मिळतं. पट्टी खाली येते, ठेका जड होतो, गाण्याचा तोलच बदलतो. सिंगल्स क्रमाने लावणाऱ्या संचाच्या व्याख्येत असलं काही बसत नाही.

बीसाइड
बी साइडचा मुद्दा मान्य. पहिल्याच संदेशात मी ते लिहायला हवं होतं. पण मग मोटाउन या डेट्रॉइटच्या सोल कंपनीचं काय? ‘द कम्प्लीट मोटाउन सिंगल्स’ या हिप-ओ सिलेक्टच्या मालिकेत (२००५ ते २०१३, १९५९ पासून १९७२ पर्यंत, एकूण १४ संच) दोन्ही बाजू आहेत. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ १९६७मध्ये ग्लॅडिस नाइटच्या आवाजात झपाट्याने येतं. पुढच्या वर्षाच्या संचात मार्विन गे तेच गाणं संथ आणि अंगावर काटा आणणारं करून म्हणतो. मधल्या काळात त्याच कारखान्यातून काय काय बाहेर पडलं ते ऐकून मार्विनपर्यंत पोचलात की धक्का कळतो. चार सीडींच्या संचात ही दोन गाणी शेजारी बसवली तरी तो परिणाम येत नाही.

खोबणी
संपूर्ण की निवडक यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की आत मिश्रण (मिक्स) कोणतं आहे. सिंगलचं मोनो मिश्रण (दोन्ही कानांना एकच आवाज) आणि अल्बमचं स्टिरिओ मिश्रण (डावीकडे-उजवीकडे वेगळा) ही पुष्कळदा दोन निराळी कामं असतात, कधी तर गायनच निराळं. ओटिस रेडिंगचं ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ १९६५च्या वसंतात सिंगलसाठी मोनोत मुद्रित झालं. जुलैमध्ये ‘ओटिस ब्लू’ करताना स्टिरिओसाठी ते पुन्हा गायलं गेलं. आज कुठल्याही ‘बेस्ट ऑफ’मध्ये यातलं कोणतं आहे ते वेष्टन वाचून कळेलच असं नाही. या बाबतीत १९९१चा स्टॅक्स संच आणि १९९२चा मोटाउनचा ‘हिट्सव्हिल यूएसए’ (४ सीडी, १०४ गाणी) दोन्ही भरवशाचे, कारण दोघांचा भर सिंगलच्या मोनो मिश्रणावर आहे.

‘मोनो’ लिहिलेलं खरंच मोनो आहे का, हे घरी तपासता येतं:
१. सीडीवरून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने गाणं काढा. ड्राइव्हचा रीड ऑफसेट (वाचताना किती पुढे-मागे सरकतो ती दुरुस्ती) आधी बसवा, ॲक्युरेटरिपशी, म्हणजे इतरांनी काढलेल्या प्रतींच्या नोंदींशी, जुळणी दिसली पाहिजे. जुळत नसेल तर तबकडी पुसून पुन्हा.
२. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये उघडून स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक करा.
३. एक ट्रॅक इन्व्हर्ट (लाट उलटी) करा आणि दोन्ही एकत्र मिसळा.
४. पूर्ण शांतता उरली तर दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या आहेत, म्हणजे ते खरं मोनो.
५. नुसती पातळ खरखर आणि ‘स’, ‘श’चे तुकडे उरले तर मोनो टेप स्टिरिओ हेडवर वाजवून घेतली आहे आणि हेड किंचित कललेलं होतं. दोन बाजूंत सूक्ष्म कालांतर पडलंय. अशा फाइलची बेरीज करून मोनो केलंत तर वरचे स्वर एकमेकांना खातात आणि झांजा मंदावतात. त्यापेक्षा दोन्हींतली स्वच्छ बाजू निवडून तीच दोन्हीकडे लावा.
६. गाणं किंवा वाद्यं स्पष्ट उरली तर ते मोनो नव्हेच.

खऱ्या मोनोचा फायदा जागेतही होतो. फ्लॅक (दर्जा न गमावता लहान होणारी ध्वनिफाइल) दोन बाजूंतला फरक वेगळा साठवते. फरक शून्य असला की फाइल जवळपास निम्मी होते, त्यामुळे फोल्डरमधला आकडा पाहूनही अंदाज येतो.

निवडक
हे उत्तम. पण यातून माझंच म्हणणं पुढे सरकतं. नऊ सीडींत एखादं मिश्रण चुकलं तर कोण शोधणार? ७१ गाण्यांवर संपादक प्रत्येक टेपपाशी थांबू शकतो.

सुईकाटा
तुम्ही दोघंही सोलवर अडकलात. लोकसंगीत आणि ब्लूजकडे या, तिथे हा वाद फार जुना आहे. हॅरी स्मिथचं ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ फोकवेजने १९५२ साली काढलं: ८४ गाणी, बहुतेक १९२७ ते १९३२ या काळात बाजारात आलेल्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून. १९२७ अशासाठी की तोवर विद्युत ध्वनिमुद्रण रुळलं होतं, १९३२ अशासाठी की मंदीने त्यानंतर हा धंदा जवळपास बसवला. क्रम सालाचा नाही, गायकाचा नाही. कथागीतं, मेळ्या-प्रार्थनांचं संगीत आणि गाणी असे तीन भाग. गायक गोरा की काळा हे लिहिलेलंच नाही. पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या फोक पुनरुज्जीवनाला या एका माणसाच्या निवडीने खतपाणी घातलं.

दुसऱ्या टोकाला जॉनी पार्थ यांनी ऑस्ट्रियात सुरू केलेली डॉक्युमेंट रेकॉर्ड्स: युद्धपूर्व ब्लूज गायकाचं सापडेल ते सगळं, तारखेच्या क्रमाने. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या चार सीडी, ५०१७ ते ५०२० क्रमांकाच्या. अभ्यासाला याच्याइतकं उपयोगी काही नाही. पण एकाच पट्टीतली, एकाच चालीची वीस गाणी ओळीने ऐकली की कान मिटतात आणि दोष गायकाचा वाटू लागतो. जेफरसनची एकेक तबकडी दोन बाजूंची, सहा मिनिटांची होती. तशीच ऐकावी. निवडक संच हे आपोआप करतो.

शिवाय इथे ‘मूळ टेप’ नाहीच. पॅरामाउंट या ब्लूजच्या जुन्या कंपनीचे धातूचे मास्टर जवळपास उरले नाहीत, त्यामुळे चार्ली पॅटन या ब्लूज गायकाचं तिथलं काम ज्या थोड्या झिजलेल्या तबकड्या हाती लागल्या त्यांच्यावरूनच आहे. रेव्हेनंटचा २००१चा ७ सीडींचा पॅटन संच देखणा आहे, पण खरखर तीच. स्वस्त संचांत ती खरखर इतकी गाळतात की गिटारची तारही तिच्याबरोबर जाते. विकत घेण्याआधी नमुना ऐका. गायकाच्या दोन ओळींमधली पोकळी एकदम निर्वात वाटली तर सोडून द्या.

बीसाइड
पटतंय, पण ब्लूज आणि स्टॅक्स एका मापात मोजता येत नाहीत. स्टॅक्सच्या मोनो टेप उरल्या. उरल्या नाहीत तिथे मीही तडजोड करेन.

गोदाम
खरेदीचं बोलू, कारण यातले बरेच संच आता जुन्या बाजारातच मिळतात आणि परदेशातून मागवताना सीमाशुल्क व टपाल धरलं तर चूक महाग पडते. विक्रेत्याकडून हे फोटो मागा:

प्रत्येक तबकडीची चमकती बाजू, आणि तीच तबकडी दिव्यासमोर धरून. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर धातूचा थर गेला आहे. ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ (सीडी बनवणाऱ्या कारखान्याचं नाव) असं छापलेल्या, साधारण १९८८ ते १९९३ मधल्या तबकड्यांच्या कडा तांबूस पडल्यात का ते पाहा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या त्या कारखान्यातलं लॅकर (वरचा संरक्षक थर) कागदातल्या गंधकाला टिकलं नाही. कडेपासून सुरू होतं आणि सीडीवर शेवटची गाणी कडेला असतात, म्हणून ‘पहिली तीन गाणी वाजवून पाहिली’ हे विक्रेत्याचं उत्तर पुरेसं नाही.

जाड पेट्यांतला फोम. चार सीडींच्या जुन्या पेट्यांत तबकड्यांवर फोमचा चौकोन असायचा. तो दमट हवेत विरघळतो, चिकट होतो आणि छापील बाजूला बसतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे लवकर होतं. संच हातात आला की फोम काढून टाका. चिकटला असेल तर खरवडू नका: खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास पॉलिकार्बोनेट आहे, वरच्या बाजूला धातूवर फक्त लॅकरचा पातळ पापुद्रा. छापील बाजूचा ओरखडा थेट संगीतावर पडतो.

मोटाउनच्या संचांत मुखपृष्ठावर एक खरीखुरी सात इंची तबकडी बसवलेली असते. जुन्या प्रतींतून नेमकी तीच गायब असते. वेगळा फोटो मागा.

पावसाळ्यात पुस्तिका वेगळ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. बुरशी आधी कागदाला लागते.

निवडक
आणि आता हिशेब करा. स्टॅक्सचे तीन संच ९, ९ आणि १० सीडींचे, वर २०१८चा ६ सीडींचा. एकूण ३४. हे तुकडे झाले तेही हक्कांमुळे: १९६५च्या करारातल्या एका कलमाने मास्टर टेप अटलांटिककडे गेल्या, १९६८मध्ये स्टॅक्स वेगळी झाली ती त्या टेपा गमावून. म्हणून पहिला संच अटलांटिकचा, पुढचे दोन फँटसी या दुसऱ्या कंपनीचे. नवख्याने २००७चा ‘स्टॅक्स ५०’ (२ सीडी, ५० गाणी) घ्यावा. दोन्ही कालखंड एकाच ठिकाणी आहेत. मग ज्याचा आवाज धरेल त्याचे अल्बम.

खोबणी
स्वस्त युरोपीय संचांबद्दल एक इशारा. युरोपात २०१३मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर गेलं, पण १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेलं तोवर मोकळं झालं होतं. म्हणून १९६२पर्यंतच्याच गाण्यांचे ढीगभर संच दिसतात. कायदेशीर आहेत, मूळ टेप मात्र नसते. स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती हे दाखवणारं चित्र) काढा. १६ किलोहर्ट्झला सरळ कापल्यासारखी रेघ असेल तर बहुधा एमपी३वरून सीडी केली आहे. १९६२ नंतरची गाजलेली गाणी स्वस्तात दिसली तर मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. ‘री-रेकॉर्डेड’, म्हणजे नंतर पुन्हा गाऊन मुद्रित केलेलं, अशा अर्थाचं काही असेल तर तो गायक तोच, पण वाजवणारे मेम्फिसचे नव्हेत. लांबी मूळ सिंगलशी ताडून पाहा, दहा-पंधरा सेकंदांचा फरक बोलका असतो.

बीसाइड
@निवडक, ‘स्टॅक्स ५०’ नवख्याला द्यायला माझी हरकत नाही. पण ५० गाण्यांत विल्यम बेलला किती जागा मिळणार? ‘यू डोन्ट मिस युअर वॉटर’ सगळे घेतात. १९६१चं ते गाणं आणि १९६७चं ‘एव्हरीबडी लव्हज अ विनर’ यांच्या मधली त्याची सिंगल्स १९९१च्या संचात विखुरलेली आहेत. ती क्रमाने काढून एक यादी करा आणि सलग ऐका. मग सांगा की त्यातलं कोणतं तुम्ही गाळाल.