मदत हवी आहे: फोटोस्क्रीनरवर प्लस नंबर कमी येतो, अ‍ॅक्सिस फिरतो

फोटोस्क्रीनर म्हणजे डोळ्यांचा फोटो काढून चष्म्याचा नंबर अंदाजणारं यंत्र. हातात धरायचं, इन्फ्रारेडवर चालणारं, अंतर 1 मीटर. मुलं 3 ते 6 वर्षांची.

यंत्र +1.25 (प्लस, म्हणजे दूरदृष्टीचा नंबर) दाखवतं, फोकस सैल करणारे थेंब टाकून रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर मोजणं) केली की तोच डोळा +3.50. थेंबांशिवाय मूल फोकस आवळतं आणि प्लस झाकला जातो, हे ठाऊक आहे. प्रश्न रेफरलच्या मर्यादेचा आहे, म्हणजे किती नंबरपासून मुलाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. ती खाली आणली की विनाकारण पुढे पाठवलेल्या मुलांची रांग लागते; वर ठेवली तर खरा प्लस निसटतो. तुम्ही किती ठेवता? की दोन डोळ्यांतल्या फरकावर जास्त भिस्त? फोकस दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखाच आवळला जातो, त्यामुळे फरक बऱ्यापैकी टिकतो.

दुसरं, सिलिंडरचा (तिरक्या नंबरचा) अ‍ॅक्सिस, म्हणजे त्याची दिशा अंशांत; 180 म्हणजे पुन्हा 0. एकाच डोळ्यात 170, मग 15. मान 10 अंश कलली की अ‍ॅक्सिसही तेवढाच सरकतो, म्हणून डोकं सरळ आणि यंत्र समतल ठेवलं, सुधारणा अर्धवटच. (0.50 सिलिंडरच्या अ‍ॅक्सिसला तसाही भरवसा नसतो, तक्रार 1.50 च्या वरची आहे.) साधी सरासरी काढली तर 92.5 येते, म्हणजे साफ उलटी दिशा. व्हेक्टर पद्धतीने (दिशा लक्षात घेऊन) सरासरी कोणी काढतं का, की मधलं रीडिंग धरता?

पडदे ओढलेले, हॅलोजन बंद कारण त्यात इन्फ्रारेड भरपूर, फक्त मंद एलईडी. बाहुली 5 मिमीच्या वर मिळते. रीडिंगआधी डोळे मिचकावायला सांगून अश्रूंचा थर एकसारखा केल्याने अ‍ॅक्सिस स्थिरावल्याचा कुणाला अनुभव आहे का?