मदत हवी आहे: टाटामोबाइल २०६ पिकअप फक्त घाटात तापतेय, इंजिनाचं हेड उघडू की आधी दुसरं काही बघू?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडं १९९३ची टाटामोबाइल २०६ आहे, सिंगल केबिन, तेच ते १९४८ सीसीचं ४८३ डीएल डिझेल, टर्बो नाही. गाडी मूळ चुलत्यांची, कराडला मार्केट यार्डात माल न्यायची, नंतर बरीच वर्षं गोठ्यामागं उभी होती आणि हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आता माझ्या ताब्यात आलीय आणि धंदा वगैरे काही नाही, निव्वळ हौस. घरातलं अधिकृत नाव 'बिनकामाचा खर्च'.

तर प्रॉब्लेम असा की सपाटीला गाडी एकदम शहाणी, हायवेला ६०-७० नं चालवली तर तापमानाचा काटा मधोमध, हलत पण नाही. पण पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो (जाताना बोगदा असतो त्यामुळं तिकडून काही जाणवत नाही, येताना मात्र घाटच) की तिसऱ्या गिअरवर काटा हळूहळू सरकायला लागतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत लालच्या तोंडाशी. थांबून बॉनेट उघडलं तर वरचा होज दाबला जात नाही इतका फुगलेला, रेडिएटरच्या टोपीच्या कडेनं हिरवं पाणी फुसफुसतंय आणि गळ्याभोवती वाळलेल्या पाण्याची पांढरट कड साचलीय. हे गाडी रिकामी असताना. वर मागं काळा धूर, मागचे बाइकवाले काय बोलत जातात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आत्तापर्यंत झालेली कामं: रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतलं (आधी कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं, आतनं क्षारांचे पापुद्रे निघाले), वॉटर पंप नवा, फॅनचा पट्टा नवा, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरलंय. थर्मास्टेट (इंजिन गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नाहीये. म्हणजे हाउसिंग उघडलं तर आत जागा रिकामीच, मेकॅनिक म्हणाला आपल्याकडं लागत नाही, ते थंड देशातल्या गाड्यांना. इंजेक्शन पंप (इंजिनाला डिझेल देणारा) चुलत्यांच्या काळातच कुणीतरी 'ओढ वाढवून' दिलाय असं घरचे सांगतात.

आता सल्ले दोन आहेत आणि दोन्ही खर्चाचे. गावातला मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं, हेड काढू, फेस मारू, आणि उघडलंच आहे तर रिंगा पण टाकून घेऊ. कोल्हापुरात उद्यमनगरला ओळखीचा एक लेथवाला आहे, तो म्हणतो या इंजिनात पैसे घालूच नको, जुन्या सफारीचं टर्बो इंजिन आणतो, तेच बसव, घाट टॉप गिअरला चढशील. मला मनातून दोन्ही पटत नाहीये. सकाळी स्टार्टिंग एका सेल्फला आहे, ऑइलला पाणी नाही, डिपस्टिक स्वच्छ. हेडचं काम निघायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? आणि टर्बो इंजिनाचं कुणी खरंच केलंय का?

जाता जाता अजून एक, उताराला ब्रेक पेडल कधीकधी घट्ट होतं, जोर लावून दाबावं लागतं. याचा आणि तापण्याचा काही संबंध आहे का माहीत नाही. फोटो टाकलेत, बॉनेट उघडं असतानाचे.

स्पॅनरनाना
हेडला हात लावू देऊ नका अजून. आधी फुकटातल्या टेस्ट करा. सकाळी गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरची टोपी काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा, स्टार्ट करा आणि बघत बसा. गॅस्केटमधून कॉम्प्रेशन पाण्यात येत असेल तर लगेच बारीक बारीक बुडबुडे सुरू होतात आणि रेस दिली की वाढतात, थांबतच नाहीत. सुरुवातीला दोनचार आले आणि बंद झाले तर ती अडकलेली हवा, तिला घाबरायचं नाही. दुसरी टेस्ट, टोपी लावून गार इंजिन स्टार्ट करा आणि लगेच वरचा होज दाबून बघा. पाणी गरम व्हायच्या आधीच होज ताठ झाला तर गॅस्केटवर संशय. गरम झाल्यावर ताठ होणं नॉर्मल आहे, सिस्टीम प्रेशरचीच असते.

आणि टोपी तापलेली असताना उघडायची नाही हे सांगायला लागू नये, पण सांगतो. माझ्या हातावर अजून डाग आहे.

टोपीवरून आठवलं, ती नवी टाका. टोपी प्रेशर धरते म्हणून पाणी शंभरला उकळत नाही, १५ पीएसआय धरलं तर साधं पाणीसुद्धा १२० च्या आसपास जाऊन उकळतं. तुमच्या टोपीच्या कडेनं फुसफुसतंय म्हणजे रबर गेलंय किंवा स्प्रिंग, मग ते पाणी शंभरालाच उकळणार आणि तुम्ही हेड उघडून बसणार. फक्त रेटिंग मूळ टोपीचंच घ्या, जास्त प्रेशरची लावून शहाणपणा करायला गेलात तर जुने होज आणि हीटरच्या नळ्या आधी फुटतील.

तीन_नंबर_गिअर
थर्मास्टेट काढून टाकणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे राव. ते नुसतं इंजिन लवकर गरम करायला नसतं. इंजिन गरम झालं की ते रेडिएटरची वाट उघडतं आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी बायपासचं तोंड बंद करतं. काढून टाकलं की बायपास कायमचा उघडा, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरत राहतं. सपाटीला चालून जातं कारण तेवढी उष्णताच नसते, घाटात उघडं पडतं. सुमोचं मिळेल, तेच इंजिन आहे, दुकानदाराला ४८३ डीएल सांगा म्हणजे तो उगाच नंतरच्या तीन लिटरवाल्या सुमोचं हातात देणार नाही.

जुनी_सुमो
पार्टची काळजी करू नका. टाटामोबाइल १९८८ ला आली, मग त्याच घराण्यात ९१ ला सिएरा, ९२ ला इस्टेट आणि ९४ ला सुमो, सगळ्यांत हेच इंजिन. इंजिनचं सामान अजून पुण्यात नाना पेठेत मिळतं, जुन्या दुकानात काउंटरवर जो सगळ्यात म्हातारा माणूस बसलेला असेल त्याला विचारायचं, कॉम्प्युटरवाल्या पोराला नाही. अवघड आहे ते बॉडीचं. दाराच्या काचांचे रबर, फाळक्याचे (हौद्याच्या मागच्या झडपेचे) बिजागर, ग्रील, यासाठी भंगारवाल्यांकडंच फिरावं लागतं.

ब्रेकचं: या इंजिनाला अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप असतो, तो ब्रेक बूस्टरला (पेडल हलकं करणारा डबा) व्हॅक्यूम देतो. त्याला ऑइलची नळी जाते, ती गळायला लागली किंवा आतली पाती झिजली की पेडल घट्ट. टेस्ट सोपी आहे, इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबा म्हणजे उरलेला व्हॅक्यूम संपेल, मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्ट मारा. पेडल पायाखाली थोडं आत गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, पाइप किंवा बूस्टर. हे तापण्याच्या आधी करा, न थांबणाऱ्या गाडीचा काटा कुठं आहे याला काही अर्थ नाही.

आणि टायमिंगचा पट्टा कधी बदललाय माहीत नसेल तर आजच बदला. गाडी उभी राहूनसुद्धा पट्टा वाळतो. डिझेलला तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग तुमच्या मेकॅनिकची इच्छा पूर्ण होते.

कोकणी_चासी
एवढ्या पैशात सेकंडहँड बोलेरो पिकअप येईल की. एसी पण लागेल.

जुनी_सुमो
@कोकणी_चासी धाग्याचं नाव परत वाचा. एसी हवा असता तर ते इथं आले नसते.

डिझेलकाका
अहो पण काळ्या धुराबद्दल कुणीच का बोलत नाहीये? पंपाला 'ओढ वाढवली' म्हणजे फुल लोडचा स्क्रू आत फिरवून डिझेल वाढवलंय. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा जेवढी येते तेवढीच येते, जास्तीचं डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर म्हणून बाहेर पडतं आणि जाता जाता सिलिंडर हेड आणि एक्झॉस्ट भाजून काढतं. सपाटीला तुम्ही अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर असता म्हणून कळत नाही, घाटात फुल दाबलं की तो स्क्रू बोलायला लागतो. पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनवाल्याकडं द्या, त्याला सांगा कंपनी सेटिंगला आणून दे, आणि परत बसवताना टायमिंग डायल गेजनं लावून घ्या, कानानं नाही. टायमिंग मागं राहिलं तरी इंजिन गरमच चालतं. गाडी थोडी मठ्ठ वाटेल. ६३ हॉर्सपॉवरची गाडी आहे, ती ६३ हॉर्सपॉवरसारखीच चालणार.

टर्बोचं: सफारीला १९९८ ला आलं ते याच १९४८ सीसीचं टर्बो-इंटरकूलर रूप, त्यामुळं लेथवाला म्हणतो ते अशक्य नाही. पण मग इंटरकूलरला जागा, मोठा रेडिएटर, क्लच, एक्झॉस्ट, सगळं आलं, आणि ज्या गाडीचं आत्ताचं कूलिंग पुरत नाही तिच्यात जास्त उष्णतेचं इंजिन टाकायचं हे मला तरी कळत नाही. कुणी म्हणेल आहे त्याच इंजिनाला नुसता टर्बो लावू, तर ते अजिबात नको, टर्बोवाल्या इंजिनाचे पिस्टन आणि ऑइलची व्यवस्था त्या हिशेबानं केलेली असते.

पिवळी_पाटी
कागदांकडं पण बघा. इंजिन बदललं तर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो, आधी आरटीओची परवानगी, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून लांब गेलात तर अडकणार. न चढवता फिरलात आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला तेच पहिलं बघणार. गाडी मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांनंतर फिटनेस दर वर्षी लागतो, हौसेची आहे म्हणून सूट नाही. लायसनचं टेन्शन घेऊ नका, साध्या एलएमव्हीवर (हलक्या वाहनाच्या लायसनवर) ७५०० किलोपर्यंत ग्रॉस वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ते स्पष्ट केलंय. व्हिंटेज नोंदणीचं कुणी डोक्यात भरवलं तर ऐकू नका, त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात आणि ती पण मालवाहू गाडीला नाही.

घाटमाथा७७
सगळ्यांचं बरोबर असेल पण तिसरा फोटो मोठा करून बघा जरा. फॅनभोवतीचं काउल खालच्या बाजूला आहे कुठं? मला तर वरची कमान दिसतेय आणि खाली सरळ रस्ता दिसतोय. हायवेला ६० च्या स्पीडला समोरून येणारी हवाच रेडिएटर गार करते, फॅन बंद पडला तरी चालून जाईल. घाटात गाडी २५ वर आली की सगळी भिस्त फॅनवर, आणि काउल नसेल तर फॅन रेडिएटरमधनं हवा ओढायच्या ऐवजी बाजूची इंजिनचीच गरम हवा घुसळत बसतो. सपाटीला ठीक आणि फक्त घाटात गरम, याचं हेच सगळ्यात साधं कारण.

स्पॅनरनाना
घाटमाथा, चष्मा बदलायला पाहिजे मला. बरोबर आहे.

धागाकर्ता
मंडळी, अपडेट. सगळ्यांचे आभार, एकेक करून केलं.

बुडबुड्याची टेस्ट सकाळी केली, सुरुवातीला थोडे आले आणि थांबले, रेस देऊन पण नाही. गार इंजिनावर होज मऊ. म्हणजे गॅस्केट तूर्त तरी शाबूत, हेड उघडलं नाही. काउल खरंच अर्धं होतं, तुटलेल्या कडा जुन्या आहेत, कुणीतरी पट्टा बदलताना त्रास नको म्हणून कापूनच टाकलंय असं वाटतं. मूळ काही मिळालं नाही, गावातल्या पत्रेवाल्याकडनं जीआय शीटचं खालचं अर्ध बनवून घेतलं, पात्यांना बोटभर अंतर ठेवलंय. पहिल्यांदा स्टार्ट केलं तेव्हा शीट एवढं थरथरलं की फॅनला लागणार असं वाटलं, मग दोन आडव्या पट्ट्या मारल्या. टोपी नवी, थर्मास्टेट नाना पेठेतनं सुमोचं घेतलं, बरोबर बसलं.

पंप काढून कॅलिब्रेशनला दिला. त्या माणसानं स्क्रू बघूनच मान हलवली, म्हणाला याला कुणी सील पण ठेवलं नाही. दोन नोझल पण टपकत होते, ते बदलले. टायमिंगचा पट्टा आणि टेन्शनर पण टाकून घेतला, जुना पट्टा वाकवला तर दातांच्या बुडाशी चिरा. @जुनी_सुमो, तो सल्ला सगळ्यात मोठा खर्च वाचवणारा निघाला.

गेल्या रविवारी पुण्याहून मुद्दाम दुपारी निघालो. खंबाटकीत काटा मध्यापासून थोडा वर चढला आणि तिथंच थांबला, माथ्यावर पण लालपासून लांब. धूर जवळजवळ नाही. पण ओढ कमी झालीय हे खरं, शेवटच्या वळणाला दुसरा टाकावा लागला आणि एका ऊसवाल्या ट्रॅक्टरनं मला गाठलं होतं जवळपास. चालेल. टर्बोचा विषय बंद, लेथवाला नाराज आहे.

काउल, थर्मास्टेट आणि पंप एकदमच झाल्यामुळं नेमका कशानं किती फरक पडला ते सांगता येणार नाही, माझा कौल काउलला.

ब्रेकच्या टेस्टमध्ये पेडल आत गेलंच नाही. अल्टरनेटरच्या मागच्या पंपाच्या ऑइल नळीला ओल आहे. पंपाचं किट मिळतं का, का अख्खा अल्टरनेटर पंपासकट घ्यावा लागतो?

जुनी_सुमो
किट मिळतं, पाती आणि ओ-रिंग. पण आधी पंपाची बॉडी आतनं बघा, हात फिरवून ओरखडे लागले तर किट घालून उपयोग नाही, पंप नवा घ्या. बूस्टरच्या पाइपमधला वन-वे व्हॉल्व्ह पण तोंडानं फुंकून तपासा, एका बाजूनंच हवा गेली पाहिजे. आणि ते होईपर्यंत घाट उतरायला जाऊ नका.

धागाकर्ता
जात नाही. गाडी दारात उभी आहे, अल्टरनेटर उद्या उतरवतो. तोपर्यंत कुणाकडं फाळक्याच्या डाव्या बाजूचा बिजागर असेल तर व्यनि करा, उजवा माझ्याकडं जास्तीचा आहे, अदलाबदल करू.