'अनफेअर' चौकशी : पक्षपाती, अन्याय्य की गैरवाजवी?

टिळकवाडीकर : शेअर घेतलेल्या आमच्या ज्येष्ठ मंडळींसाठी मराठीत टिपण करतोय. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची चौकशी 'अनफेअर' होती, ही एका कंपनीची तक्रार. मी 'पक्षपाती' लिहिलं, शेजारच्या वकीलकाकांनी खोडलं. पक्षपात म्हटलं की सेबीच्या मनात खोट होती असा आरोप होतो. कंपनीचं म्हणणं एवढंच, की कागद दाखवले नाहीत. मग शब्द कुठला?

खानापूरकर : काका बरोबर आहेत. टी. ताकानो विरुद्ध सेबी (१८ फेब्रुवारी २०२२) बघा. ताकानो हे रिको इंडिया कंपनीचे माजी व्यवस्थापकीय संचालक. सेबीने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली, पण ती ज्या तपास अहवालावर उभी होती तोच दिला नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संबंधित भाग द्यायलाच हवा. तिऱ्हाइतांची माहिती तेवढी झाकता येईल. यात पक्षपात कुठे आला? आरोप माहीत, आधार माहीत नाही, तर उत्तर कशाला देणार? मी 'अन्याय्य कार्यपद्धती' म्हणेन.

शहापूर पेठ : असं कोण बोलतं हो? 'गैरवाजवी' लिहा, ज्येष्ठांना लगेच कळेल.

मराठीमाती : 'वाजवी' अरबीतून आलेला, आणि बाजारातल्या भावाचा शब्द. न्यायाला 'न्याय्य'च हवा.

शहापूर पेठ : मग वकील, कागद, हुकूम हेही काढा. कोर्टात उभं राहून बोलायचं काय? सीमाभागात मराठी टिकली ती बोलून टिकली, कोश उघडून नव्हे.

टिळकवाडीकर : 'एकतर्फी' चालेल का?

खानापूरकर : नको. एकतर्फी म्हणजे समोरच्याला न ऐकता दिलेला आदेश. सेबी कायद्याच्या कलम ११(४) प्रमाणे अंतरिम आदेश आधी काढून सुनावणी नंतर देता येते. म्हणजे एकतर्फी असूनही कायदेशीर. पटला नाही तर ४५ दिवसांत सॅटकडे, म्हणजे रोखे अपील न्यायाधिकरणाकडे, अपील.

निपाणीची ताई : माझं 'चौकशी'वरच अडतंय. कन्नडमध्ये 'चौकाशी' म्हणजे घासाघीस. बँकेतल्या मैत्रिणीला मी म्हटलं, 'त्या कंपनीची चौकशी चालू आहे', तर तिला वाटलं कुणीतरी कंपनी विकत घेतंय आणि भाव ठरत नाही. त्यांच्यात तपासाला 'तनिखे'. तुम्ही 'तपास'च लिहा. खाती, व्यवहार धुंडाळणं म्हणजे तपास. चौकशीत माणसाला विचारणं येतं.

शहापूर पेठ : ताई, दोन्ही शब्द एकाच घरचे असणार. आमच्या पेठेत साडी उलगडून, काठ-पदर बोटांत धरून बघितल्याशिवाय गिऱ्हाईक भाव बोलत नाही. पारखणं आणि घासाघीस एकाच बैठकीला. चौ-कस, चारी बाजूंनी कसून बघणं!

मराठीमाती : 'कस' तिथे बळंच बसवलात. 'चौकी'शी नातं का नसावं?

निपाणीची ताई : चौकीचं मला पटत नाही. 'चार दुकानांत चौकशी करून ये' म्हणतो, ते भावाचंच असतं की.