डोक्याला मार लागल्यावर तोल जातो, घरी सराव कसा करून घ्यावा?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. माझे यजमान वय 44. चार महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडले, हेल्मेट नव्हतं. मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन, 11 दिवस आयसीयू. देवाच्या दयेने आता बोलतात, जेवतात, घरात चालतात. पण चालताना डुलतात. गल्लीत कुणीतरी "सकाळीच घेतली का?" म्हणालं, फार लागलं मनाला.
पंधरवड्यात दोनदा पडले. एकदा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून. दुसऱ्यांदा धाकट्याने मागून "बाबा" अशी हाक मारली, हे वळले आणि गेलेच. नशिबाने खाटेवर पडले. सासूबाई म्हणतात, बसवूनच ठेव. मोबाईलवर एका पायावर उभं राहायचे व्हिडिओ आहेत, ते करून घेऊ का? फिजिओकडे आठवड्यातून एकदाच नेणं जमतं.

माळरान
आधी बाथरूमला दांडी बसवून घ्या, भिंतीत पक्की. नळाला किंवा टॉवेलच्या रॉडला धरू देऊ नका, तो उपटून हातात येतो. आणि दारातली पायपुसणी आजच उचला.

फिजिओ_सोलापूर
ताई, बसवून ठेवू नका. पायातली ताकद जाते आणि भीती वाढते. पण व्हिडिओही नकोत.
डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाचे तळवे-सांधे, या तिघांकडून मेंदूला खबर जाते आणि मेंदू ती जुळवून तोल धरतो. मार लागल्यावर कुणाची खबर चुकते, तर कुणाची जुळवणी. म्हणून दोन पेशंटांचा व्यायाम एक नसतो. फिजिओंना तोल मोजणारी बर्ग चाचणी करायला सांगा. 14 कामं, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 56 गुण. 45 च्या खाली असले तर फार जपायचं.
आधी हे सांगा: अंथरुणात कूस बदलताना खोली गरगरते का? एकाचे दोन दिसतात का? उठल्याबरोबर अंधारी येते का? फिटच्या गोळ्या चालू आहेत का? काही गोळ्यांनीही डुलायला होतं. डॉक्टरांना विचारा, स्वतःहून मात्र बंद करू नका. आणि कवटीचं हाड काढून ठेवलेलं असेल तर त्यांनी सांगितलेलं हेल्मेट घातल्याशिवाय उभंही करू नका.
फिजिओंनी हो म्हटलं की घरी एवढं करा. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करायचं, पुढ्यात जड खुर्ची. पाय फाकवून, मग जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे. हे जमलं की मान फिरवायची: डावीकडे कॅलेंडर, उजवीकडे घड्याळ. हाक मारल्यावर ते पडले ना, त्याचाच हा सराव आहे. खुर्चीतून उठ-बस पाच वेळा. डोळे मिटून काहीही सध्या नको. सकाळी 10 मिनिटं, संध्याकाळी 10. या दुखण्यात थकवा लवकर येतो आणि थकला की माणूस जास्त डुलतो.
तुम्ही अशक्त बाजूला, किंचित मागे उभ्या राहा, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला. दंड धरून ओढू नका. धाकट्याला सांगा, बाबांशी समोर येऊन बोलायचं.

दादाची_बहीण
आमच्या दादाचे पाय बरे होते, घाई नडायची. "मला काही झालं नाही" म्हणून रात्री एकटा लघवीला उठायचा. शेवटी त्याच्या उशाशी घंटा ठेवली, वाटेत छोटा दिवा लावला आणि बाथरूमच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: थांब. दांडी धर. मग पाय उचल. तीन महिने तो ते मोठ्याने वाचायचा. तुम्हीही चिडू नका ताई, तो हट्ट नसतो, दुखापतच असते.

कोयनाकाठ
हाड जागेवर आहे. पण उजव्या कुशीवर वळताना गरगरतं, अर्धा मिनिट. ते गादी घट्ट धरून ठेवतात, मला वाटायचं घाबरतात.

फिजिओ_सोलापूर
हे महत्त्वाचं सांगितलंत. कानातले बारीक खडे जागचे हलल्याचं हे लक्षण असू शकतं, डोक्याच्या मारानंतर बरेचदा होतं. ते तोलाच्या व्यायामाने जात नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मान विशिष्ट क्रमाने फिरवून ते खडे जागेवर नेतात, एप्लीची पद्धत म्हणतात, काही मिनिटांचं काम. घरी करू नका, मानेला मार नाही ना हे आधी बघावं लागतं.
आणि पुन्हा पडून डोक्याला लागलं आणि उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

कोयनाकाठ (तीन आठवड्यांनी)
दोन खेपांत गरगरणं थांबलं! काल रात्री दोन्ही कुशींवर झोपले. बर्गचे गुण 39 होते, आता 43. डुलणं आहे, पण कमी. पडले नाहीत. सासूबाई स्वतः घड्याळ लावून उठ-बस मोजतात. आता म्हणतात, बांधावरून चक्कर मारून येतो. जाऊ देऊ का?

फिजिओ_सोलापूर
बांध नको अजून. आधी अंगणातली माती, मग खडीचा रस्ता, दिवसाउजेडी, मागे पट्टी असलेली चप्पल आणि तुम्ही शेजारी. चालता चालता त्यांना पिकांची नावं विचारा. बोलताना पाऊल अडलं तर थांबायचं, मग पुढे. पुढच्या चाचणीचे गुण इथे नक्की टाका.