'सेफ वाटणं' आणि 'वल्नरेबल', मराठीत नेमकं काय म्हणाल?

एका सर्व्हेचे प्रश्न मराठीत करतेय. त्यात 'घरात सेफ वाटतं का' असं आहे, मी सरळ 'सुरक्षित वाटतं का' लिहिलं. एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, हो, दाराला आतून दोन कड्या आहेत. मग माझ्या तोंडून सहज गेलं की तसं नाही आजी, कुणाची धास्ती वाटते का, तर त्या गप्पच झाल्या आणि बऱ्याच वेळाने मुलाबद्दल बोलायला लागल्या. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. वल्नरेबलला तर 'असुरक्षित', 'दुर्बल' असलंच मिळतं, ते पटत नाही.

— ताई, सुरक्षित म्हणजे रक्षण केलेला, म्हणजे रक्षण करणारं बाहेरचं कुणीतरी आलंच, म्हणून त्यांना कड्या आठवल्या. निर्धास्त, निर्धोक, निश्चिंत हे आतले शब्द, काहीतरी 'नाही' म्हणून बरं वाटणारे. सेक्युअरचं मूळ लॅटिनही तेच सांगतं, काळजीविना, म्हणजे हुबेहूब निश्चिंत. फक्त बिनधास्त नको, तो आता धीट माणसाला लागतो, आणि बेफिकीर तर पार निष्काळजीच झालाय.

— वल्नरेबलमध्ये लॅटिन 'जखम' आहे, म्हणजे घाव बसू शकतो असा. दुर्बल तो नव्हे, चांगला दणकट माणूससुद्धा आपल्या माणसापुढे वल्नरेबल असतोच की. भेद्य म्हणता येईल पण ते किल्ल्याला नाहीतर सॉफ्टवेअरला शोभतं. मला वर्म जवळचा वाटतो, वर्मी लागणं, वर्मावर बोट ठेवणं. संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत आणि मराठीत नेमकी उलट, घाव बसेल ती नाजूक जागा (संस्कृतात तिला मर्म म्हणतात, सुश्रुतसंहितेत शरीरावरची अशी १०७ मोजलीत). ज्याला आपलं वर्म माहीत आहे त्याच्यासोबत राहणं म्हणजे वल्नरेबल असणं, मी तरी असंच समजतो.

— हे वाचून पुन्हा आजीच आठवल्या, त्यांचं वर्म माहीत असलेला माणूस कड्यांच्या आतच राहतो. पण प्रश्नात वर्म लिहिलं तर कुणाला कळणार नाही. 'सुरक्षित'वालं काढून 'घरात कुणाची धास्ती वाटते का' टाकतेय, आणि वल्नरेबलला एक शब्द न शोधता 'तुम्हाला दुखावणं कुणाला सोपं जातं का' असं विचारून बघते.