स्लीव्ह शस्त्रक्रियेपूर्वीचे १४ दिवसांचे पथ्य नेमके गणपतीत आले आहे, काय करावे?

इंदूरची सून (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४७ असून पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, ठरली आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी त्याआधीच्या १४ दिवसांचे पथ्य कागदावर लिहून दिले आहे. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, तीन वेळा प्रोटीन पावडर, एकदा पनीर आणि उकडलेली भाजी, यापलीकडे त्यात फारसे काही नाही. पोळी, भात, पोहे, साखर, फळांचे रस सगळे बंद आहे. अडचण अशी की तिसऱ्याच दिवशी हरतालिका आहे, मग गणपती, मग गौरी जेवणार, आणि पुरणाचा स्वयंपाक आमच्याकडे माझ्याकडेच असतो. सासूबाई म्हणतात, ऑपरेशनला जायचे तर अंगात ताकद हवी, असे उपाशी कशाला जायचे? मलाही प्रश्न पडतो की वजन शस्त्रक्रियेने उतरणारच आहे, तर त्याआधी हा छळ कशासाठी? हरतालिकेला निदान साबुदाण्याची खिचडी चालेल का? मला मधुमेह असून ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू आहेत.

रामबागवाले काका

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे अनुभवाने लिहितो. पहिले तीन दिवस डोके दुखते, चिडचिड होते आणि सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून वाफेवरच्या पोह्यांचा वास आला की रस्ता बदलावासा वाटतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून भूक आश्चर्यकारकरीत्या मंदावते. तोंडाला थोडा वास येतो आणि बद्धकोष्ठ होते. पाणी भरपूर प्यायल्यास दोन्हीचा त्रास कमी होतो. माझी चूक मात्र सांगून ठेवतो. नवव्या दिवशी एका साखरपुड्याला गेलो, भुट्ट्याचा कीस एक वाटी म्हणता म्हणता तीन वाट्या झाला, वर जिलबी, आणि पुढचे दोन दिवस "आता मोडलेच आहे" म्हणून मोडतच राहिलो. तपासणीच्या वेळी सर्जनसाहेबांनी सरळ विचारले, मी खरे सांगितले आणि शस्त्रक्रिया दहा दिवस पुढे गेली. पथ्य पुन्हा पहिल्या दिवसापासून! खोटे बोललो असतो तर काय झाले असते, हे खाली कोणी जाणकार सांगतीलच.

पथ्याचा डबा (निवृत्त आहारतज्ज्ञ)

हे पथ्य वजनासाठी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. ते मुख्यतः यकृतासाठी असते. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर झाकणासारखा पसरलेला असतो आणि सर्जनला तो उचलून धरूनच खाली काम करावे लागते. वजन फार असलेल्या बहुतेकांचे यकृत चरबीने फुगलेले, जड आणि सहज रक्त येईल असे झालेले असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात घालून ते बाजूला सारण्याची सोय नसते. जागा दिसली नाही तर वेळ वाढतो आणि कधीकधी पोट मोठे उघडावे लागते.

आता पिठूळ पदार्थ आणि साखर बंद का, ते पाहा. यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. धान्य आणि साखर थांबली की हा साठा आधी रिकामा होतो, मग यकृतातली चरबी वापरली जाऊ लागते. म्हणूनच दोन आठवड्यांतही यकृत लक्षणीयरीत्या लहान होते, आणि म्हणूनच दोन दिवसांच्या जेवणावळी हा साठा पुन्हा भरू शकतात. काकांच्या सर्जननी तारीख पुढे ढकलली, ती याच कारणाने. सर्वांचे पथ्य सारखे नसते, हेही खरे आहे. कोणी दोन आठवडे सांगतात, कोणी चार, आणि त्यामुळे पुढची गुंतागुंत किती घटते याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. यकृत लहान होते याबद्दल मात्र फारसे नाहीत.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ असतो, वर बटाटा आणि आपल्या इंदुरी पद्धतीने फराळी मिक्श्चर. मोरधन, म्हणजे भगर, आणि रताळे यांचेही तेच. उपवासाला चालते ते पथ्याला चालते, असे नाही. ताकद प्रथिनांनी टिकते, हे सासूबाईंना सांगावे. १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात, तर वाटीभर खिचडीत नावापुरती.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हरतालिकेचा निर्जळी उपवास आणि ग्लिमेपिराइड ही जोडी धोक्याची आहे, कारण ती गोळी पोटात अन्न नसतानाही साखर खाली आणते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. अन्न इतके घटल्यावर हिचा डोस कमी किंवा बंद करावा लागू शकतो. डॅपाग्लिफ्लोझिनचे उलटे आहे. ती चालू असताना धान्य फार कमी झाले, तर साखर साधारण दिसत असूनही रक्तात आम्लता वाढू शकते. ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, कमी कॅलरींच्या पथ्यात काहींना त्याहूनही आधी. गोळ्या स्वतःच्या मनाने बदलू नका, पथ्याचा कागद घेऊन पहिल्या दिवसाआधीच मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाची गोळी असेल तर तीही दाखवा.

इंदूरची सून

मनापासून आभार. काल डॉक्टरांना भेटले. पथ्य सुरू होईल त्या दिवसापासून दोन्ही गोळ्या बंद ठेवायच्या आहेत आणि साखर दिवसातून चार वेळा तपासून लिहायची आहे. निर्जळी उपवासाला त्यांनी स्पष्ट नकार दिला. यकृताचे झाकण सासूबाईंना कढईवर ताट ठेवून दाखवले, तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या. पुरणाचे अजून ठरलेले नाही. करताना चाखायची सवय हात सोडत नाही.

रामबागवाले काका

ताई, नैवेद्य दाखवेपर्यंत चाखत नाहीतच, तेव्हा तेवढा वेळ देवच सांभाळेल. नंतरची पाने वाढायला जाऊबाईंना उभे करा आणि त्या वेळी तुमचा प्रोटीनचा पेला आधीच पिऊन झालेला असू द्या. भरल्या पोटी वास सोसतो.

इंदूरची सून

जाऊबाई तयार आहेत. सासूबाईंनी यंदा पुरण आपण शिजवू म्हणून सांगितले आहे, फक्त साखर किती घालायची हे मी बाहेरून ओरडून सांगायचे.